सांगितलं तेवढंच

ऑपरेटर : चहा नंतर, काका. आधी बसा. चौथा प्रश्न आठवतोय तुम्हाला?

काका : कुठल्या पेपरातला?

ऑपरेटर : एकच तर पेपर दिला आपण. मी बोलले, तुम्ही लेखनिक म्हणून लिहिलंत. आगीची घंटा वाजली तर हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटरनं आधी कुणाला कळवायचं, मग कुणाला.

काका : हां, तो होय. त्यात तर पैकीच्या पैकी आहेत तुला. असणारच. ती नियमपुस्तिका वाचून वाचून घसा बसला माझा. आता मुख्य ऑपरेटरबाई, आम्हाला ओळख दाखवा म्हणजे झालं.

ऑपरेटर : मी उत्तर चुकीचं सांगितलं होतं.

काका : छे, काहीतरीच.

ऑपरेटर : आधी वॉर्ड, मग अग्निशमन दल, असं सांगितलं मी. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, उलटं झालं. आणि निकाल लागला तर मी पहिली. म्हटलं, तपासणाऱ्याची डुलकी लागली असेल. काल तिनं माझी उत्तरपत्रिका वाचून दाखवली.

काका : तिनं म्हणजे?

ऑपरेटर : ड्युटीवर माझ्या शेजारच्या खुर्चीवर असते ती. दोन गुणांनी दुसरी आली ती. मला म्हणते, ‘चौथं बघ किती नेमकं लिहिलंयस, माझं तिथंच फसलं. तुझ्यात जरा नागमोडी खाडाखोड आहे, पण क्रम बरोबर.’ अगदी मनापासून कौतुक करत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

(काका चष्मा काढून पुसत राहतात.)

ऑपरेटर : त्या दिवशी पेन ऐकलं होतं मी. मी बोलायची थांबले, पेन थांबलं. मग परत थोडंसं चाललं. वाटलं, वेलांटी-बिलांटी राहिली असेल. तुमच्यावर कोण शंका घेणार?

काका : चाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो गं. छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, एवढंच केलं जन्मभर. बायकोच्या सामानाच्या यादीतसुद्धा लाल खुणा करायचो, शेवटी तिनं यादी करणंच सोडलं. दोन शब्द उलटसुलट पडले की त्यांच्यामधून ती नागमोडी रेघ मारायची, म्हणजे जागा बदलल्या. हाताला वळणच आहे ते.

ऑपरेटर : आणि रेघ मारल्यावर? पेपर संपायला वीस मिनिटं उरली होती.

काका : कळलं होतं मला.

ऑपरेटर : मग?

काका : नाही खोडली. वाटलं, एवढी मेहनत केलीय पोरीनं, एका रेघेसाठी कशाला वाया जावी.

ऑपरेटर : शाळेत शिवणाच्या बाई माझे टाके उसवून स्वतः घालायच्या. त्या रुमालाला प्रदर्शनात बक्षीस मिळालं. आई अजून पाहुण्यांना दाखवते तो, आणि मी शेजारी बसून हसते. पुन्हा तसं हसायचं नाहीये मला, काका. निदान मुख्य ऑपरेटरच्या खुर्चीवर बसून तरी नाही.

काका : चुकलं माझं.

ऑपरेटर : चार वाजता बढतीच्या कागदावर सही करायचीय. मी नाही करणार. त्याऐवजी पत्र देणार आहे. ते तुम्ही लिहायचं.

काका : मी? तुझा तो बोलता कंप्युटर आहे की.

ऑपरेटर : तुमच्याच हातचं हवंय.

काका : लेखनिकांच्या यादीतून नाव जाईल माझं.

ऑपरेटर : जाईल कदाचित.

काका : जावंच. पण एक सांगतो. लोक म्हणायचे, केवढी समाजसेवा करता या वयात. मला लाज वाटायची. ही गेल्यापासून दिवसभरात तोंड उघडायचो ते तुला वाचून दाखवायला. सगळा फायदा माझाच होता.

ऑपरेटर : माहीत आहे मला. पुस्तिका संपली की तुम्ही छापखान्याचा पत्तासुद्धा वाचायचात.

काका : तरी थांबवलं नाहीस कधी.

ऑपरेटर : कशाला थांबवू? लिहा. ‘चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं सांगितलं होतं. दुरुस्ती लेखनिकांनी केली, मला न विचारता. ते गुण कापून निकाल पुन्हा लावावा.’

काका : लिहिलं.

ऑपरेटर : ‘हे लेखनिक चार महिने रोज पायी येऊन मला वाचून दाखवत होते. बाकीची उत्तरं मला आली ती त्यामुळे.’ पेन थांबलं, काका.

काका : हे कशाला? तक्रारीच्या पत्रात हे शोभत नाही.

ऑपरेटर : मी सांगतेय ना.

काका : शिवाय रोज पायी नाही. पाय सुजला होता तेव्हा आठवडाभर बसनं आलो.

ऑपरेटर : सांगितलं तेवढंच लिहा.

काका : लिहिलं.

ऑपरेटर : ‘पुढच्या परीक्षेला मला लेखनिक म्हणून तेच हवेत.’

काका : देणार नाहीत ते.

ऑपरेटर : ते त्यांनी ठरवावं. वाचा आता.

काका : ‘...मला न विचारता. ते गुण कापून निकाल पुन्हा लावावा. हे लेखनिक चार महिने रोज पायी येऊन...’

ऑपरेटर : ‘रोज’ ठेवलंत?

काका : ठेवलं. चूक आहे, पण तुझी आहे.

ऑपरेटर : मग पट्टी धरा कागदावर, आणि सही करायची तिथं माझं बोट न्या.