फक्त ऑइल

गॅरेजच्या बाकावर काका आपल्या गाडीची वाट बघत बसले होते. समोर दातांच्या डॉक्टरीणबाई मेकॅनिकशी बोलत उभ्या होत्या.

"ताई, ऑइल दर वर्षी बदललंत. फिल्टर कधी बदललात?"

"तो बदलायचा असतो?"

"ऑइलबरोबर दर वेळी. सगळी घाण यातच अडकते. हा बघा, काळाठिक्कर."

"म्हणजे मी अंघोळ करून पुन्हा तेच मळके कपडे घालत होते."

"तीन वर्षं, ताई."

"आणि पेशंटना सांगते, तीन महिन्यांनी ब्रश बदला. नाही बदलला तर वस्सकन ओरडते."

"मागच्या महिन्यात माझ्यावर ओरडलात."

"मग आता तुम्ही ओरडा. हक्क आहे तुमचा."

"नको. माझी दाढ अजून तुमच्या हातात आहे."

"इंजिन वाचलं ना?"

"थोडक्यात. पण तुम्ही एकट्या नाही आहात." मेकॅनिकने पुढचा कागद उचलला. "यांनी तर लिहूनच दिलंय, 'फक्त ऑइल. फिल्टर नको.' खाली दोन रेघा. कुठे गेले हे गृहस्थ? काका, तुम्ही पाहिलंत का?"

"आत्ताच बाहेर पडले," काका म्हणाले. "पण जाताना सांगून गेलेत, फिल्टरही बदला म्हणून."