धुरपताबाईच्या रानातला तरवड

—न्हाय न्हाय, गिरदावरसायेब, जमिनीच्या पाहणीत तसं लिवू नगा! शेत न्हवंच हे. शेत असतं तर ह्या गावचा माली पाटील, सारा वसूल करणारा म्हणून म्या तुमाला तुळजापुरावरनं एवढ्या उन्हात इथवर आणलं असतं का? सरकारी पडीक हाय. धुरपताबाई म्हणती माजं हाय — म्हणू द्या, रांडमुंड बाई हाय, म्हणणारच. नवरा गेल्याला दोन वर्सं झाली, नांगर लागला न्हाय, आन् हे बगा काय माजलंय — तरवड! तरवड माजला की रान पडीक, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल.

वळखला न्हाय? हैदराबादेकडचं दिसताव. पिवळी धमक फुलं, चपट्या शेंगा, पानं चिंचंवाणी. दुष्काळात माणूस वाळतंय आन् ह्यो फुलतोय. शेरडू तोंड लावत न्हाय — राखण फुकट! काडीनं दात घासा, फुलाचा काढा गोड लघवीवर प्या, नवरात्रात घटाला माळ ह्याचीच. आन् साल? चामडं कमवायला ह्याची साल लागती, आन् आता तर लढाई चाललीय, पलटणीला बुटं नगंत व्हय? रान पडीक ठरलं की सालीचा गुत्ता, म्हंजी ठेका, निघंल — घ्यायला आमचा मेव्हणा गुरुसिद्धप्पा तयारच हाय. तुमी काळजी करू नगा.

काय म्हणलाव? हारीनं कसा उगवला? वाऱ्यानं. आमच्याकडचा वारा सरळ हाय सायेब. दोन तासांत, म्हंजी वळींत, सारखं अंतर? — शिस्तीचा वारा हाय.

आन् हे कोण म्हणलं तुमाला, तरवड पेरून येत न्हाय म्हणून? रागाऊ नगा, पन तुमाला ह्यातलं काय बी कळत न्हाय. बी असतंय टणक. तसंच टाकलं तर शंभरात धा उगवायची मारामार. पाणी उकळायचं, खाली उतरवून त्यात बी टाकायचं, रातभर भिजू द्यायचं, सकाळी राखंत घोळायचं — मग तिफण धरायची. फेकून पेरत्यात ते आळशी! ह्या कल्याणप्पा पाटलानं चाळीस वर्सं तिफण धरलीय, वाकडं तास दाखवा एक! ह्या टोकावरनं त्या बांधापतुर दोरी धरा, धरा की! शंभरात नव्वद उगवलं. गेल्याच्या गेल्या मिरगाला, बाई नवऱ्याच्या दुखात माहेरी पडून व्हती, तवा एका दिसात सगळं रान—

म्हंजी... वारा व्हता त्या दिवशी. लई वारा.

काय लिवायलाव? वाचा बरं मोठ्यानं. "पेरलेलं"? आन् पेरलेल्या रानाला पडीक म्हणता येत न्हाय — व्हय, असंल तसा कायदा. म्हंजी रान बाईचंच? आन् पीक? सालबी तिचीच? आवं, बी माजं व्हतं, बैल माजं, तिफण माजी, सरपण माज्या घरचं! — थांबा, थांबा, तेबी कामून लिवायलाव? माज्या बैलाचं काय काम त्या कागदात?

ए धुरपताबाई, तू कवापासनं उभी हाईस बांधावर? हसायलीस व्हय?

सायेब, तुमी निघा आता. ऊन लई चढायलंय.