कासवाची खिडकी

टेक्सासमधल्या एका मासेमारीच्या धक्क्यावर बर्फासाठी रांग लागली होती. लियू ढकलगाडी घेऊन उभी होती. तिच्या मागे कोळंबीवाला थुआन आणि म्हातारे खिएमकाका बोलत होते.

"माझं जाळं त्या गोऱ्या डेलनेच कापलं, काका. हातात सुरी घेऊन माझ्या बोटीपाशी उभा होता."

"विचारलंस त्याला?"

"तोच आला सांगायला. म्हणे, जाळ्यात कासव अडकलं होतं, गुदमरत होतं, म्हणून कापलं."

"जाळं पाण्यात होतं?"

"धुवायला सोडून जेवायला गेलो होतो."

"मग घुसलं असेल कासव."

"तुमचा भलताच विश्वास. त्याला आपण बाहेरून आलेले लोक इथे नकोच आहोत."

"असेलही तसं. पण कायद्याने जाळ्याला कासवाची खिडकी ठेवावीच लागते ना? कासव त्यातून बाहेर का नाही पडलं?"

"खिडकीतून कोळंबीही निसटते, काका. म्हणून शिवून टाकली. सगळेच शिवतात."

"बरं. मग डेलला काय म्हणालास?"

"त्याला काही नाही. मासेमारी खात्याला फोन केला. म्हटलं, डेलच्या जाळ्याला खिडकीच नाही, येऊन बघा."

"आहे का?"

"कुणास ठाऊक. नसणारच."

"कधी येणार ते?"

"निघालेत."

"आणि धक्क्यावर येऊन एकट्या डेलचंच जाळं बघतील, होय रे?"

लियूने ढकलगाडी रांगेतच सोडली आणि नवऱ्याच्या बोटीकडे झपाझप निघाली. त्यांच्या जाळ्याची खिडकी तिनेच शिवली होती, दुहेरी टाक्यांनी.