डावीकडचा पंखा

नाही हो, पंखा बंदच होता! म्हणजे — तुम्ही दार वाजवलंत तेव्हा केला बंद. उकडत होतं, माणसं येत-जात होती, म्हणून जरासा... जाऊ दे, आज खोटं नाही बोलवत. खोलीत कुणी नव्हतंच. मी आणि सासूबाई, आणि त्या तर सकाळीच गेलेल्या.

मला सगळं ठाऊक होतं बरं का. त्यांनीच घोकून घेतलं होतं माझ्याकडून — पंखा बंद कर, वाऱ्याने डोळे वाळतात, डोक्याखाली उशी दे, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेव, नेत्रपेढीला फोन लाव. 'माझ्या मुलाला जमायचं नाही, तो रडत बसेल, तू कर.' मला म्हणाल्या, मला! उभ्या जन्मात दुधाचं पातेलं माझ्या भरवशावर सोडलं नाही त्या बाईंनी, आणि डोळे सोडले. केलंही मी तसंच, तुम्हाला फोनसुद्धा लावला. आणि मग कापूस काढला. हो, मीच. डावी पापणी पुरती मिटली नव्हती, तेही दिसलं — तरी टेबलफॅन लावला आणि बसले समोर.

का म्हणजे? हसाल तुम्ही. त्या डोळ्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला हो माझा. भाजीत मीठ किती, फोनवर कोण, हसले तर का हसले. म्हटलं, हे डोळे आता कुणाला तरी बसवणार, आणि उद्या बाजारात एखादं परकं माणूस नेमकं तसंच बघणार माझ्या पिशवीत — टोमॅटो पुन्हा मऊच आणलेस ना? काटा आला अंगावर.

काय? नुसता पुढचा पडदा घेता? काचेसारखा असतो तो? माणसाची नजर नाही जात त्याच्याबरोबर? — अगं बाई. मग मी हे कशासाठी...

डावा वाळलाय? बॅटरी मारून बघा ना पुन्हा, नीट बघा. पंखा डावीकडेच होता. म्हणजे दोघांना दिसलं असतं, आता एकालाच. तो दुसरा कोण हो? नाही, नाव नको, तुम्हालाही ठाऊक नसेल. पण असेल ना बसलेला कुठेतरी, फोन वाजायची वाट बघत. कुठे शेण खाल्लं मी!

बाहेर हे विचारतील, दोन्ही मिळाले ना म्हणून. आईचा एवढा एकच शब्द होता त्यांना पाळायचा. तुम्ही असं करा, वय झालं होतं म्हणा, डॉक्टरी भाषेत काहीतरी म्हणा — नको. काहीच म्हणू नका. मी सांगते त्यांना. तुम्ही उजवा काढायला घ्या, दार ओढून घेते मी.