डाव्या पायाची शीर

— न्हाई, न्हाई, पाय उचलू नका, तसाच राहू द्या, मला बघू द्या आधी. मालक बाहेर थांबलेत ना, थांबू द्या, आपल्याला काय जल्दी हाय. तीर्थपुरीची नंदाबाई शीर बसवती हे तुम्हाला अंबडला कुणी सांगितलं? बसवत व्हते, खरंय. सासूनं शिकवलं मला. रविवारी अन् मंगळवारी, तीन खेपा दाबलं की बाया आपल्या पायानं चालत घरी जायच्या. आता न्हाई लावत हात — म्हणजे मानेला लावते, पाठीला लावते, पण पायाला — हे दुखणं खुब्यातून निघून खाली पोटरीपर्यंत येतं का? डावीकडंच? अन् आडवं झालं की जास्त? मंग झोपता कशा तुमी, बसून?

आमची बेबी बी बसून झोपायची. माझी धाकटी बहीण, परतूरला दिलेली. पाच महिने माझ्याकडं येत व्हती. मी दाबून राह्यले, ती सोसून राह्यली. मधी मणक्याचा फोटो काढला, मणका बिलकुल चांगला म्हणले, मंग मला अजूनच जोर चढला — मणका चांगला म्हणजे शीरच की, दुसरं काय असणार? पाऊल लोंबकळायला लागलं, चप्पल कधी गळाली हे तिला कळंना, तरी मी आपली दाबतेय. शेवटी लघवी झालेली कळंना, तवा संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं मला कागदावर काढून दाखवलं. गर्भपिशवीच्या तोंडाला गाठ, कॅन्सरची. पायाच्या नसा त्या पिशवीच्या मागूनच खाली उतरतात म्हणे, अन् त्या गाठीनं नस धरली — दोडक्याची वेल सुतळी धरून चढती न्हाई का, तशी नस धरून धरून मणक्याकडं सरकली. पायात काहीच नव्हतं, बाई. मी पाच महिने चांगला पाय चेंगरत व्हते.

बेबीनं सांगायला पाहिजे व्हतं. डॉक्टरीणबाईला बी मी हेच बोलले — आमची बेबी लाजाळू, अंगावरून लाल जातंय हे कुणाला बोललीच न्हाई. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्ती, अन् परत सुरू — सांगावं कुणाला माणसानं? त्यात रूपालीचं लग्न तोंडावर, तिची एकुलती एक पोर. विटाळ म्हटला असता तर आईला बाजूला बसवलं असतं, पोरीला हळद लावू दिली नसती. म्हणून म्हणले, गप बस, लग्न होऊ दे, या वयात होतं असं मागंपुढं — कोण म्हणलं? मीच. मीच म्हणले. इथंच, पाय दाबता दाबता. पहिल्याच मंगळवारी तिनं मला सांगितल्तं. हळद लावली तिनं पोरीला, पाय ओढत ओढत, लय हसली त्या दिवशी. तेवढ्यावर मी मनाची समजूत घालते, पण मन ऐकत न्हाई. अकरा महिने झाले तिला जाऊन, अन् रूपालीला मी हे अजून सांगितलं न्हाई. तुम्हाला का सांगून राह्यले कोण जाणे, ओळख ना पाळख.

अन् तुमी खाली का बघून राह्यल्या? मी अजून इचारलं तरी कुठं. इचारते — पाळी कधी गेली तुमची? बरं. अन् आता काय जातंय? कधीपासून?

चार महिने.

रडू नका. प्रत्येक पायदुखी तसली नसती, हे बी डॉक्टरीणबाईच बोलल्या. पण बघायला तर पाहिजे. उद्या सकाळी जालन्याला जावा, बायांच्या डॉक्टरीणकडं, अन् आधी हे सांगा, पायाचं मागून. काय? दिराची वास्तुशांती? पुढच्या सोमवारी? होऊ द्या की तुमच्याबिगर. न्हाई, सोमवारनंतर न्हाई. ऐका माझं. न्हाई म्हणले ना मी. लाज वाटत असली तर भिंतीकडं तोंड करा.

ओ दादा, आत या. न्हाई, बसू नका, तुम्हाला निघायचंच हाय. ह्यांच्या पायाला मी हात लावला न्हाई. ह्यांच्या अंगावरून चार महिने झाले रक्त जातंय. घेऊन जा ह्यांना.