मनुबाईची दाढ

हॅलो?… हॅलो, कोण?… निशा? बोल ना बाय. जोरात बोल, तुझ्या मागं ढोल वाजतोय तिकरं, मना काय ऐकू येत नाय…

हां, आता येतं… अगो सकाळी सांगितलं ना, डॉक्टरकडं आलीय. दाढ. उजवी… नाय नाय, डावी. डावी दाढ गो.

कसला आवाज?… टूं? ती डॉक्टरची मशीन हाय. वाजते ती अशी… चुंई चुंई? ते दात घासतोय ना तो. माझे नाय, दुसऱ्याचे. माझा नंबर यायचाय अजून.

कोण ओरडलं?… पेशंट.

हो, "पळ, पळ" असंच ओरडला. दुखायला लागल्यावर माणूस कायपण ओरडतं.

निशा, हसू नको… काय? शपथ? कोणाची घेऊ?… तुझी? तुझी नाय घेणार मी. नायच घेणार… बरं. बरं बाय, सांगतंय. पण आधी तू मांडवातनं बाहेर हो. सखू हाय का बाजूला? तुझी धाकटी मामी गो… मग हो ना बाहेर! मागच्या दाराला जा, चुली लावल्यात तिकरं… गेलीस?… कोण नाय ना?

दाढ-बिढ काय नाय. माझ्या दाढा अजून हाडं फोडतात. मी ठाण्याला आलीय. वर्तकनगरच्या बाजूला मोठा हॉल हाय, तिथं. तुझ्या वहिनीची, दक्षताची टेस्ट हाय…

पोटातली नाय गो! तुम्हा लोकांना दुसरं काय सुचतच नाय. धावायची टेस्ट. बास्केटबॉलच्या रेफरीची.

हो, आजच. मी काय मुहूर्त काढायला गेलेली? त्यांनी त्यांची तारीख दिली, तुझ्या मामानं पोराच्या हळदीची दिली, आल्या दोन्ही एकाच दिवशी. दिवाळीच्या आधी हिचा पाय मुरगळला, तेव्हा राहिली ना टेस्ट, ती आज घेतायत. येत्या शनिवारी कॉलेजच्या पोरींची फायनल हाय. आज पास झाली तर ती फायनल दक्षता चालवणार. एवढी वर्षं शिट्टी मारते, पण फायनल अजून कोणी दिली नाय तिला. आज नापास झाली की गेली फायनल दुसऱ्याकडं.

अगो शिट्टी मारायला धावायला कशाला म्हणजे? खुर्चीवर बसून मारतात का? त्या पोरी धावतात तसं हिला पण मागं मागं धावायला लागतं, इकरून तिकरं, तिकरून इकरं. पोरी एकोणीस-वीसच्या आणि ही चाळिशीला टेकलेली. पोरी दमल्या की बसवतात, दुसरी पाठवतात. रेफरीला कोण बसवतं?

ऐक ना. जमिनीवर दोन रेषा मारल्यात. टूं वाजलं की या रेषेवरनं निघायचं आणि पुढचं टूं वाजायच्या आत त्या रेषेला पाय लावायचा. मग परत उलटं, बूट चुंई चुंई वाजवत. सोपं वाटतं ना? पण ते टूं मेलं वाजता वाजता जवळ जवळ येतं. पाय नाय पोचला तर एकदा वॉर्निंग. दुसऱ्यांदा नाय पोचला की बाहेर. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या की पास.

मना नाय माहीत असणार तर कोणाला? दिवाळीपासून आपल्या गच्चीवर रोज पहाटे तेच वाजतंय. समोरचे बाबुराव, त्यांना वाटलं कोणाचा टेम्पो मागं येतोय. बिचारे दोनदा लुंगीवर खाली गेले स्कूटर बाजूला घ्यायला. मना तर आता सवयच लागलीय, टूं झालं की चहा ओतते… आणि तुझा भाऊ! यज्ञेशचं तर विचारूच नको. दक्षतानं मटण सोडलं, उकडलेली अंडी खाते. मग तिच्या वाटचं मटण कोण खातं? हा खातो. बारीक व्हायची बायको आणि पँटी उसवून घेतो नवरा.

थांब, थांब हा… टूं… पोचली! बरोबर पोचली. एक पोटवाला होता, तो पहिलाच बसला. भिंतीला टेकून पाणी पितोय, एवढा लाल झालाय. एक कोवळा पोरगा होता, हर्षित म्हणून, मघापासून सगळ्यांना ज्ञान देत होता, तोपण झोपलाय तिकरं आडवा. दक्षता चालूच हाय. तिची शिट्टी माझ्या गळ्यात हाय, धावताना लटकते ना… हो, घातलीय गळ्यात. मंगळसूत्राच्या वर.

काय?… अडलंय ना, मना माहीत हाय. हळदीचं गाणं, धवला, मी गाते, मग मी आल्याबिगर हळद कशी लागणार? म्हणून तर सांगितलेलं, नवऱ्याला पाटावर बसवायची घाई करू नका… बसवला? नयनला? कधी?… उघडाच? मग टॉवेल टाका त्याच्या अंगावर. बसू दे. लग्न करायचंय ना त्याला, गप्प बसायची सवय होऊ दे.

दुसरीला गायला सांगा म्हणजे? दुसरी कोण?… सखू? सखूला धवला येतो? अर्धा येतो आणि अर्धा ती हूं हूं करते. देवांना आवतण द्यायच्या आधी नवरी मांडवात आणून बसवील ती. नाय. मी जिवंत असताना माझ्या भावाच्या दारात सखू नाय गाणार. येतंय म्हणून सांग. डॉक्टरकडं गर्दी हाय सांग.

काय केलंय माझ्यासाठी?… पेज? कशाला?… दाढ काढल्यावर मटण चालत नाय, असं कोण बोललं? सखू? बघ! बघ कशी हाय! म्हणजे माझा वाटाच नाय काढला?… देवा रे. इकरं मी थाप मारली आणि तिकरं माझं मटण गेलं.

अगो खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? "मनुबाई भाच्याची हळद सोडून सुनेच्या हाफ पँटीमागं गेली." गेल्या गणपतीत सखू बोललीच ना सगळ्यांसमोर, सुनेला जरा आवरा म्हणून. तेव्हा दक्षता तिथंच भाकऱ्या थापत होती. ऐकलं तिनं, मान खाली घालून थापत राहिली. मी पण तिच्या बाजूला बसून भाकऱ्या शेकत राहिली. सखूला उत्तर द्यायचं राहिलंय अजून.

…काय म्हणालीस?

नाय. नाय आलेली मी. तुझ्या खो-खोला एकदापण नाय आलेली, खरं हाय तुझं… अगो तेव्हा तुझी आजी होती. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तर आधी कारण सांगायला लागायचं. खो-खो बघायला जाते, हे काय कारण झालं तिच्या लेखी? तू जिंकलेला कप घेऊन आलेली, मना आठवतं. मी पिठाच्या हातानं तसाच बाजूला ठेवला तो. नीट बघितला पण नाय. त्याचं मना अजून वाईट वाटतं, पोरी… रडू नको गो. लोक काय म्हणतील, दाढ आईची काढली आणि रडते ही.

म्हणून तर आलीय इकरं. आता घरात सासू मी हाय. आता मना कोण विचारणार?

…हां. मग दाढ कशाला सांगितली… ते पण बरोबर हाय तुझं.

थांब! थांब थांब… वॉर्निंग दिली. दक्षताला! एक सुदेशसर हाय, झेंडा घेऊन उभा. पाय नाय पोचला म्हणतो. मेल्या, डोळे हायत का बटणं?… नाय गो, मनातल्या मनात बोलली… हां, बघितलं त्यानं इकरं.

आता अजून एकदा चुकली की झालं… तिघंच उरलेत. दम गेलाय गो तिचा. तोंड बघवत नाय. आमचं कसं, धवला गाताना एकीचा श्वास सुटला की दुसरी धरते. हिला इथं धरायला कोण हाय?

टूं… पोचली… टूं… पोचली गो बाय! किती राहिल्यात ते नको विचारू, मना काय धड दिसत पण नाय, डोळ्यांत पाणी आलंय… एक गेला. आता दोघीच. ही आणि ती एक समृद्धी म्हणून हाय, उंच. सुदेशसर तिच्याकडंच बघतोय, तिचा पाय बघतोय…

अगो! दक्षता नाय पोचली. वीतभर राहिला पाय… नाय नाय, कोणी नाय बघितलं! तो तिकरं बघत होता! फिरली, फिरली ती… पळ! पळ गो माझी बाय, पळ!

…का थांबली?

निशा, ती थांबली गो. हात वर केला तिनं. पोरींचा फाऊल दाखवते ना, तसा वर. आणि दुसऱ्या हातानं स्वतःचाच पाय दाखवते, रेषा दाखवते… कोणी बघितलं नाय ना बाई! कशाला सांगते!

…झालं. बाहेर.

कसली शहाणी? येडी हाय ती! एवढी अंडी खाल्ली, गच्ची झिजवली, माझी झोप घालवली, आणि वीतभरासाठी स्वतःच स्वतःला बाहेर काढलं! येऊ दे, चांगली सोलते तिला… येतेय. धर जरा, फोन ठेवू नको.

काय गो दक्षता! कोणी बघितलं होतं? मी? मग मी काय सरांना सांगायला जाणार होते?… काय?… परत बोल… हं… हं. बस. बस इथं. पाणी पी, घटाघटा नको पिऊ.

…हॅलो? हां, हाय मी.

नाय. नाय ओरडली… काय म्हणाली? म्हणाली, "आई, शनिवारी एखाद्या पोरीचा पाय रेषेवर पडला तर मी शिट्टी मारणार. मग आज गप्प कशी बसू?"… मी पदरानं तिचा घाम पुसला गो. सोलायचं राहूनच गेलं.

फायनल गेली. त्या समृद्धीला मिळेल आता, ती पास झाली. पुढच्या महिन्यात परत टेस्ट हाय म्हणतात, पण फायनल काय थांबते का?… हो, रडतेय. हसते पण मध्ये मध्ये. सुदेशसर येऊन हात मिळवून गेला तिच्याशी. मना लय वाईट वाटतंय, निशा. आणि छाती पण एवढी फुगलीय. दोन्ही एकदम कसं होतं, देव जाणे.

…कोण आलं तिकरं? सखू? काय विचारते?… दाढ निघाली का?

निशा, थांब. तू काय सांगू नको. फोन स्पीकरवर टाक… टाक म्हणते ना. मांडवात मामाकडं घेऊन चल. आणि त्या ढोलवाल्याला सांग, जरा गप्प बस… झाला गप्प?

हॅलो! आनंदादादा हाय का?… मी मनुबाई बोलतंय. ऐका सगळ्यांनी. माझी दाढ ठणठणीत हाय. मी डॉक्टरकडं गेलेलीच नाय. ठाण्याला माझ्या सुनेची धावायची टेस्ट बघायला आलीय. सकाळी थाप मारली तुम्हाला. कोणी पकडलं नाय मना, मीच सांगतंय.

सून?… नापास झाली. हो, नापास. कशी झाली ते हळद लावता लावता सांगीन, कान देऊन ऐका. आता दोघी निघतोय. नयनला पाटावरनं उठवा, पोरगा आंबला असेल. ती पेज सखूला द्या. आणि मटणाचे दोन वाटे काढा… दोन. आज ती अंडी नाय खाणार.

…कोण हसलं?

सखू, तू?… काय? परत बोल… हाफ पँट?

थांब हां. निशा, तो फोन जरा मामीच्या कानाशी धर. अजून जवळ… धरलास?

फुर्रर्रर्रर्र!

ऐकलं, सखू? ही पहिली वॉर्निंग. दुसऱ्यांदा बोललीस तर हळदीतनं बाहेर. चल, ठेवते.