तक्रारही आत्याचीच, कोंबड्याही आत्याच्याच

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे सर्व पदाधिकारी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते परवाना विभागाचे आमचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, उद्यापासून साहेबांच्या खुर्चीत बसणारे नवे साहेब, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला व्यासपीठावरून बोलायची सवय नाही. मी गाडी चालवायला शिकवते. माझं आजवरचं सगळं वक्तृत्व शेजारच्या सीटवरून, आणि तेही बहुतेक ‘ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!’ एवढंच. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलेलं आहे, काहींचे चेहरे आत्ताही पडलेले दिसताहेत. तेव्हा आज मीच भरधाव सुटले, तर अध्यक्षांनी संकोच न करता ब्रेक दाबावा.

साहेबांची सचोटी, साहेबांचा वक्तशीरपणा, साहेबांचं मितभाषी वागणं, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं. माझ्या वाट्याला काय उरलं? कोंबड्या. हसू नका. साहेब हसताहेत ते ठीक आहे, त्यांना माहीत आहे पुढे काय येणार.

मला एक आत्या आहे. ती बघा, पुढच्या रांगेत, मोठा चष्मा. ती दूरच्या एका गावात एकटीच राहायची. एकटीच म्हणजे, माणूस एक आणि कोंबड्या सहा. एके दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात पाय घसरून पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. मला कळलं तेव्हा मी गाडी काढली आणि थेट तिच्या दारात. म्हटलं, चल आता माझ्याकडे. ती म्हणाली, “मी येईन गं, पण याही येतील.” म्हटलं, येऊ देत. तर म्हणाली, “तुमच्या त्या गावात चालतात का कोंबड्या? आधी विचारून घे. त्यांना तिथली सवय लागायची आणि मग कुणीतरी गाडी घेऊन उचलायला यायचं. तसं झालं ना, तर मीही त्याच गाडीत बसेन आणि परत इथे येईन.”

ही नुसती धमकी नव्हती. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीकाकांच्या कोंबड्या खरोखरच नगरपालिकेची गाडी येऊन घेऊन गेली होती. का नेल्या, कोणत्या नियमाने नेल्या, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आत्याला मी ओळखते. बोलली की करणार. परत त्या घरात, एकटी, त्याच अंगणात. मला नुसत्या कल्पनेने झोप लागेना.

मग मी या कार्यालयात आले. आता माझ्या धंद्यात नियम आधी सांगतात आणि गाडी नंतर हातात देतात. इथे मात्र उलटा कारभार! आरोग्य विभाग म्हणाला, कोंबडी हा प्राणी आहे, पशू विभागात जा. पशू विभाग म्हणाला, कोंबडी आमची, पण खुराडं हे बांधकाम आहे. बांधकाम विभाग म्हणाला, बांधकामाला छप्पर आहे का? म्हटलं, आहे. भिंती? जाळीच्या. तर म्हणाले, मग ते कुंपण, परवाना विभागात जा. अशी टोलवाटोलवी होत होत मी साहेबांच्या टेबलापाशी पोचले.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, “बघतो.”

मंडळी, आपण सगळे त्यांना पाठीमागे काय म्हणतो? बघतोसाहेब! वहिनी, माफ करा, पण हे गावाला माहीत आहे. तर बघतोसाहेब आठवडाभर बघत राहिले. मी पुन्हा गेले. पुन्हा बघतो. शेवटी मी चिडले. म्हटलं, “साहेब, एवढं काय गुपित आहे? कोंबड्या पाळता येतात की नाही?”

तेव्हा त्यांनी मला इथली रीत सांगितली. फार पूर्वी इथल्या एका कारकुनाने खिडकीवर कुणालातरी तोंडी नियम सांगितला होता, तो चुकीचा निघाला, आणि बिचाऱ्याची बढती गेली. तेव्हापासून या इमारतीत तोंडी नियम सांगायचा नाही अशी पद्धत पडली. लेखी विचारायचं. आणि लेखी विचारताना नियमाचा क्रमांक लिहायचा. आता मला सांगा, ज्याला क्रमांक माहीत आहे तो नियम विचारायला येईल कशाला?

मी उठले. खरं सांगते, रडू यायच्या बेतात होते. तेवढ्यात साहेबांनी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला घेतलं आणि कुंडीकडे बघतच म्हणाले, “मला नियम सांगता येत नाही. पण तक्रार आली, की सुनावणी लागते. आणि सुनावणीच्या सुरुवातीला दोन्ही पक्षांसमोर नियम मोठ्याने वाचून दाखवावाच लागतो.”

त्या रोपाला काही कळलं की नाही, देव जाणे. मला कळलं.

मी तशीच शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, माझ्याविरुद्ध तक्रार करा. आत्या आणि कोंबड्या तोवर माझ्याकडे आल्या होत्या, ‘चार दिवस बघते’ या बोलीवर. डॉक्टर म्हणाले, “छे हो! रोज सकाळी तुमच्याकडची अंडी खातो आणि तुमच्याचविरुद्ध तक्रार? मला नाही जमणार.” पलीकडच्या घरातल्या वहिनींचंही तेच. आयुष्यभर गल्लीत माझ्या हॉर्नबद्दल कुरकुरणारी माणसं, आणि नेमकं हवं तेव्हा कुणाच्या तोंडून चकार शब्द निघेना.

तेव्हा आत्या म्हणाली, “आण कागद. मी करते.”

म्हटलं, “अगं, कोंबड्या तुझ्याच आहेत!”

“पण अंगण तुझं आहे ना? मग तक्रार तुझ्यावर.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! आणि एकदा लिहायला बसली तर थांबेना. भाचीने अंगणात कोंबड्या ठेवल्या आहेत, इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं, भाची आमटीत मीठ कमी घालते, दारं आपटते, आणि घरातही गाडीत बोलावं तशी ओरडून बोलते. साहेबांनी ती तक्रार जशीच्या तशी दाखल करून घेतली. एक शब्द खोडला नाही.

सुनावणीला अख्खी गल्ली आली. शिंपीकाकाही आले, आपल्या कोंबड्या का गेल्या ते तरी कळेल म्हणून. डॉक्टर तर धावतच आले. म्हणाले, “खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलाय, जरा लवकर आटपा.” एका बाजूला मी, समोर आत्या, मध्ये साहेब. आणि साहेबांच्या शेजारी त्या वेळचे त्यांचे वरिष्ठ. ते आता इथे नाहीत, तेव्हा मोकळेपणाने सांगते, ते सारखे घड्याळ बघत होते.

साहेबांनी कपाट उघडलं, नियमांचं जाड पुस्तक काढलं, उभे राहिले आणि वाचू लागले. घरामागे सहापर्यंत कोंबड्या ठेवता येतील. आत्याने मान डोलावली. कोंबडा ठेवता येणार नाही. आत्या म्हणाली, “आम्ही आणलाच नाही. नुसता ओरडतो, कामाचा काही नाही.” वरिष्ठ म्हणाले, मध्ये बोलू नका. मग साहेबांनी पुढचं वाचलं. खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून दहा मीटर लांब असावं.

मंडळी, आमचं अंगणच मुळी सात मीटर आहे.

मी आत्याकडे बघितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पिशवीचे बंद आवळायला लागली. मला कळलं, मनाने ती निघाली. नियम मागून मीच तिला घालवली, असं वाटलं.

वरिष्ठ म्हणाले, “झालं. कलम संपलं, बसा.”

साहेब बसले नाहीत. म्हणाले, “कलम संपलंय, पण पान अजून बाकी आहे.”

“नेहमी एवढंच वाचतात.”

“हो. गाडी पाठवतानाही एवढंच वाचलं, म्हणून शिंप्याच्या कोंबड्या गेल्या.”

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. आपल्या वरिष्ठांच्या देखत, भरल्या सभागृहात, त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि पुढचं वाचलं. लगतच्या शेजाऱ्यांनी सुनावणीत समक्ष संमती दिल्यास अंतराची अट लागू राहणार नाही.

“दिली!” डॉक्टर ओरडले आणि तसेच पेशंटकडे पळाले. पलीकडच्या वहिनींनी दोन्ही हात वर केले, एक त्यांचा आणि एक त्यांच्या नवऱ्याचा. शिंपीकाका मात्र खाली मान घालून बसून होते. त्यांचेही शेजारी चांगलेच होते हो. कुणी विचारलंच नव्हतं. सुनावणी संपल्यावर साहेब सगळ्यांत आधी त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या शेजारी बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्यात शिंपीकाकांच्या अंगणात पुन्हा कोंबड्यांची पकपक सुरू झाली होती.

त्यानंतरच्या सोमवारपासून साहेबांनी कार्यालय उघडल्याबरोबर जिन्यापाशी उभं राहून एकेक नियम मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तक्रार नको, क्रमांक नको. आणि पान संपेपर्यंत वाचायचं. त्यासाठी त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, किती वर्षं त्याच टेबलाशी राहावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वहिनींना माहीत असेल. नव्या साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे, हे वाचन बंद करू नका. बंद केलंत तर आम्हाला एकमेकांविरुद्ध तक्रारी कराव्या लागतील, आणि आता आम्हाला त्याचा चांगला सराव आहे.

साहेब, ‘चार दिवस बघते’ म्हणून आलेली आत्या अजून बघतेच आहे. परवा वीज मंडळाचा नवा माणूस मीटर बघायला आला होता. खुराड्यापाशी आत्या दिसली तर सहज म्हणाला, “आजी, पाहुण्या आलात वाटतं?” आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “पाहुणी कसली? हे माझं घर आहे.”

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं काम तसंच राहिलं. इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा म्हणाली. साहेब, हे तुमच्यामुळे. मी तुमची फार ऋणी आहे, आणि हे आज सर्वांसमोर सांगायला मिळालं याबद्दल अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार.

बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला. आणि आणखी एका गोष्टीची माफी असावी. जेवणाचा आग्रह झालाय, पण आम्हाला थांबता येणार नाही. अंधार पडायच्या आत कोंबड्या कोंडायच्या आहेत, आणि पुढच्या रांगेतून मघापासून मला खुणा चालल्या आहेत. आवाज इथवर येत नाही, पण ओठ दिसताहेत. ती म्हणते आहे, पुरे झालं, चल आता घरी.